बिबट्याचा डॉक्टर तबेल्यात काय करतो?

वन्यजीव पशुवैद्यकांच्या कामाबद्दल प्रश्न मागवले, तेव्हा बरीचशी पत्रं बेशुद्धीच्या बंदुकीबद्दल आली. टीव्हीवर तेवढंच दिसतं, त्यामुळे यात नवल नाही. पण या डॉक्टरांचं खरं काम कुत्र्यांच्या लशीत, म्हशीच्या इंजेक्शनात, मासेमारीच्या जाळ्यात आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर जास्त असतं. त्या बाजूचे प्रश्नही आले आहेत. सुरुवात मात्र बंदुकीपासूनच करू.

आमच्या सोसायटीत बिबट्या शिरला तेव्हा बचाव पथक डॉक्टरांसह तीन तास नुसतं उभं होतं. बंदूक हातात असताना डार्ट का मारला नाही? (वाचक, मुलुंड पश्चिम)

डार्ट लागला की जनावर जागीच कोसळतं, हे सिनेमातलं. प्रत्यक्षात औषध मांसात शिरल्यापासून बिबट्या आडवा व्हायला साधारण ५ ते १५ मिनिटं जातात. घाबरून बिथरलेला असेल तर औषध लवकर चढत नाही आणि वेळ आणखी वाढतो. तेवढ्यात तो कंपाउंडची भिंत ओलांडून शेजारच्या चाळीत पोचू शकतो. म्हणून डॉक्टर बिबट्याच्या आधी आजूबाजूला बघतात. बाहेर पडायच्या वाटा किती आहेत, त्या जाळी लावून बंद होतील का, बघे किती लांब आहेत? गर्दी हटत नसेल तर डार्ट न मारणं हाच बरोबर निर्णय. तीन तास पथक उभं होतं, ते बहुधा लोक घरात जाण्याची वाट बघत होतं.

दुसरा अडसर कायद्याचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत जनावर पकडणंसुद्धा येतं. त्यामुळे बिबट्यासारख्या प्राण्याला बेशुद्ध करून पकडायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते.

तिसरी अडचण वजनाची. आपल्याकडचा नर ५० ते ७० किलोंचा, मादी ३० ते ४५ किलोंची. झाडीत दबून बसलेल्या बिबट्याचं वजन नजरेने ठरवायचं आणि त्यावर औषध भरायचं. कमी पडलं तर अर्धवट गुंगीतला बिबट्या पुढ्यात येतो, आणि त्याच्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. जास्त झालं तर श्वास मंदावतो. सहसा झायलाझिन आणि केटामिन यांचं मिश्रण वापरतात. (मात्रा इथे छापत नाही. ती डॉक्टरांच्या वहीतच बरी.) झायलाझिनवर उतारा आहे, योहिम्बिन किंवा अॅटिपामेझोल. केटामिनवर नाही. केटामिनचा अंमल ओसरायच्या आत उतारा दिला तर जनावराचं अंग ताठरतं, झटके येतात. ‘लवकर उठवा’ म्हणून मागे लागणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

काही जागी डार्ट मारायचाच नसतो. विहिरीत पाणी असेल तर गुंगी येताच बिबट्या बुडतो. तिथे दोराने खाट किंवा पिंजरा खाली सोडतात, तो आपण होऊन वर चढतो. झाडावर असेल तर खाली जाळं धरल्याशिवाय नाही. आणि दिवस मावळताना नाही, कारण डार्ट लागलेला बिबट्या अंधारात गेला की तो कुठे पडला हे कळायला मार्ग उरत नाही.

आडवा झाल्यावर डॉक्टर मागच्या बाजूने जातात, लांब काठीने ढोसून बघतात, कान हलत नाही ना याची खात्री करतात. डोळ्यांत मलम घालतात, कारण केटामिनमध्ये पापण्या मिटत नाहीत आणि बुबुळं कोरडी पडतात. वर कापडाची पट्टी बांधतात. मग दर ५ मिनिटांनी श्वास, नाडी, ताप. ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर सरकला की जांघेत आणि काखेत गार पाणी, शिरेतून सलाईन. मुंबईच्या मे महिन्यात ही वेळ हमखास येते. पिंजऱ्यात ठेवल्यावर तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाण्याचं भांडं आत ठेवत नाहीत. गुंगीत मान भांड्यात गेली तर दोन इंच पाणीही पुरतं.

पकडलेल्या बिबट्याला लांबच्या जंगलात का सोडत नाहीत? (त्याच वाचकांचा जोडप्रश्न)

तो प्रयोग करून झाला आहे. जुन्नर परिसरात पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यानंतर काय झालं, याचा अभ्यास विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेल्या बिबट्याला पाणी, आडोसा, शिकार यांतलं काहीच ठाऊक नसतं, आणि तिथले मूळ बिबटे त्याला टिकू देत नाहीत. शिवाय रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. धट्टाकट्टा असेल आणि माणसावर हल्ला केलेला नसेल, तर खांद्याजवळ कातडीखाली मायक्रोचिप टोचून जवळच सोडणं हेच शहाणपणाचं.

आम्ही काही जण नॅशनल पार्कच्या भिंतीलगत भटक्या कुत्र्यांना खायला घालतो. सगळ्यांची नसबंदी झाली आहे, रेबीजची लस दिली आहे. आणखी काय करावं? (वाचक, बोरिवली पूर्व)

नसबंदी आणि रेबीजची लस माणसांच्या सोयीची आहे, आणि ती हवीच. जंगलाच्या बाजूने बघितलं तर एक लस राहून गेली आहे, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाची. नसबंदीच्या मोहिमांत ती सहसा देत नाहीत.

बोरिवलीच्या पार्कातला बिबट्या चितळ, सांबर खातो तसा कुत्राही खातो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला होता की इथले बिबटे वर्षाला साधारण १,५०० कुत्रे खातात, आणि त्यामुळे माणसांना होणारे कुत्र्यांचे चावे कमी होतात. बिबट्याचे आपल्यावर असलेले उपकार असे आहेत. पण आजारी कुत्रा खाल्ला तर त्याचा विषाणूही बिबट्याच्या अंगात जातो. डिस्टेंपर मांजरकुळातल्या मोठ्या जनावरांनाही होतो. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत त्याने सुमारे १,००० सिंह मारले, तिथल्या सिंहांचा जवळपास तिसरा हिस्सा. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात २३ सिंह दगावले. त्यांतल्या काहींच्या नमुन्यांत हाच विषाणू सापडला, जोडीला गोचिडांतून येणारा बबेसिया हा रक्तातला परजीवीही.

मग बिबट्यालाच का टोचू नये? एक तर प्रत्येकाला पकडावं लागेल. दुसरं, कुत्र्यांसाठीची नेहमीची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. कुत्र्याला ती सोसते, पण काही वन्य प्राण्यांत त्याच लशीने रोग झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून जंगलाभोवतीची कुत्री टोचून कडं तयार करायचं.

पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग दर ३ ते ४ आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. एकच डोस देऊन थांबणं ही नेहमीची चूक. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडं पहिल्या डोसाला निकामी करू शकतात, आणि ती कधी ओसरतील ते पिल्लागणिक बदलतं. वर्षाने पुन्हा एक, पुढचं अंतर डॉक्टर सांगतील. लस २ ते ८ अंशांत ठेवायची. पाण्यात मिसळली की तासाभरात वापरायची. सकाळी मिसळून दुपारपर्यंत गल्लोगल्ली हिंडवलेली लस म्हणजे नुसती टोचणी.

नाक-डोळ्यांतून पू, खोकला, जुलाब आणि मग च्युइंगगम चघळल्यासारखा जबडा हलणं किंवा झटके दिसले, की ते कुत्रं वेगळं करून डॉक्टरांना बोलवा. खाण्याची भांडी साबणाच्या गरम पाण्याने धुवा. हा विषाणू बाहेर फार तग धरत नाही, साबण त्याला पुरतो.

आणि एक विनंती. भिंतीलगत संध्याकाळी खायला घालू नका. सकाळी, भिंतीपासून दूर, आणि उरलेलं उचलून. तिन्हीसांजेला तिथे जमलेली कुत्री म्हणजे बिबट्याला मांडलेलं पान.

गोरेगावला तबेला आहे. दर सहा महिन्यांनी लाळ्या-खुरकुताच्या लशीसाठी मागे लागतात. जंगलाशी आमच्या म्हशींचा काय संबंध? (तबेलेवाले, आरे रोड)

संबंध कायद्यातच लिहिलेला आहे. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३३अ नुसार अभयारण्यात आणि त्याच्या हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आत असलेल्या जनावरांचं सांसर्गिक रोगांविरुद्ध लसीकरण करून घेण्याची जबाबदारी मुख्य वन्यजीव रक्षकांवर आहे. हेच राष्ट्रीय उद्यानालाही लागू होतं. लाळ्या-खुरकूत दुभंगलेल्या खुराच्या कोणत्याही जनावराला होतो, त्यात चितळ, सांबर, रानडुक्कर सगळे आले. म्हैस आठ-दहा दिवस खात नाही, दूध आटतं, पण औषधपाण्याने उभी राहते. जंगलात खुरं सडलेलं सांबर पळू शकत नाही, तिथेच त्याचा निकाल लागतो.

‘लस देऊनही रोग आलाच’ ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते, आणि कारणं ठरलेली. ही तेलातली लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी. बर्फात गोठली की ती फुकट जाते, आणि बर्फाच्या लादीला बाटली चिकटवून आणणारे अजून आहेत. पारड्याला पहिल्यांदा टोचल्यावर महिन्याभराने बूस्टर लागतो, तो विसरतात. टोचल्यापासून प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढ्यात हरयाणा किंवा गुजरातहून नवी म्हैस येऊन थेट जुन्या म्हशींशेजारी बांधली जाते. नवं जनावर २१ दिवस वेगळ्या दावणीला ठेवा, त्याची बादली, गवत आणि दूध काढणारा माणूसही वेगळा. माणूस एकच असेल तर नवी म्हैस शेवटी. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी उरकावी.

मेलेलं पारडू जंगलाच्या कडेला टाकू नका. बिबट्या दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत येतो, आणि पारडू नसलं तर जे सापडेल ते नेतो. जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल तर ते फाडू नका, कातडी काढू नका. ती काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते. शरीर उघडलं की जंतू हवेच्या संपर्कात येऊन बीजाणू करतात, आणि ते मातीत कित्येक वर्षं टिकतात. डॉक्टर कानाच्या शिरेतल्या थेंबभर रक्तावरून निदान करतात.

म्हशीला सूज आली की आमच्याकडे येणारा माणूस डायक्लोफेनॅकच मारतो. स्वस्त पडतं. बंदी आहे असं ऐकलं, पण आमच्या भागात गिधाडं आहेतच कुठे? (वाचक, वसई)

नाहीत, याचं मोठं कारण तेच औषध. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ पासून बंदी आहे. माणसांसाठीची मोठी बाटली तबेल्यात जात होती, म्हणून २०१५ मध्ये ती ३ मिलीच्या एकच डोसाच्या बाटलीपुरती मर्यादित केली. म्हशीला पुरेल इतकं औषध जमवायला आता बाटल्यांची माळ फोडावी लागते, आणि तरीही लोक फोडतात. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांनाही जनावरांसाठी बंदी झाली. असिक्लोफेनॅक तर गुरांच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं.

टोचल्यानंतर दोन-तीन दिवसांत जनावर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं बंद पडतात. युरिक अॅसिड काळजा-यकृतावर खडूच्या भुकटीसारखं साचतं, आणि पक्षी काही दिवसांत मान टाकून मरतो. हे २००४ साली सिद्ध झालं. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या झपाट्याने घसरत चालली होती, आणि पुढे ही घसरण ९९ टक्क्यांच्या वर गेली. मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी समाज मृतदेह गिधाडांसाठी ठेवतो. तिथे सौर संकेंद्रक, म्हणजे ऊन एकवटणारी यंत्रं, बसवावे लागले, ते गिधाडं उरली नाहीत म्हणूनच.

इथे एक हिशेब डोळे उघडणारा आहे. शंभर मढ्यांमागे एकाहूनही कमी मढ्यांत औषध असलं, म्हणजे प्रमाण एक टक्क्याच्या आत असलं, तरी एवढी घसरण व्हायला ते पुरतं. एका मढ्यावर पन्नास-पन्नास गिधाडं बसतात, जोडी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. त्यामुळे ‘मी एकट्याने टोचलं तर काय होतं’ हा युक्तिवाद टिकत नाही. रायगडमध्ये म्हसळ्याच्या बाजूला अजून गिधाडं आहेत, आणि गिधाड एका दिवसात शंभर किलोमीटर सहज हिंडतं.

पर्याय मेलॉक्सिकॅम. गुरांना नेहमीची मात्रा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम. ४०० किलोंच्या म्हशीला २०० मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या औषधाचे १० मिली. ५ मिलिग्रॅम प्रति मिलीची बाटली असेल तर तेच ४० मिली होतात. ‘मेलॉक्सिकॅम लागू पडत नाही’ म्हणणारे बहुधा ५ च्या बाटलीतून १० मिली टोचतात. घेण्यापूर्वी लेबल वाचा आणि डॉक्टरांकडून लिहून घ्या. दुधाबद्दलही विचारा. युरोपात या औषधानंतर ५ दिवस दूध विकू देत नाहीत.

मेलेल्या बिबट्याचं शवविच्छेदन करून लगेच जाळतात. मग विषप्रयोग होता की नाही हे कशावरून ठरतं? (कायद्याचा विद्यार्थी, परळ)

जाळण्याआधी घेतलेल्या बाटल्यांवरून. जाळतात ते नखं, दात, कातडी बाजारात जाऊ नये म्हणून, आणि जाळण्यापूर्वी प्रत्येक नख मोजून नोंदवतात. कातडी सोलल्यावर आतल्या बाजूने गळ्याभोवती किंवा कमरेभोवती रक्ताळलेला पट्टा दिसला तर तो फासकीचा. बाहेरून केसांत तो लपतो. छर्रे शोधायला एक्स-रे काढतात.

खटला बहुतेकदा बाटलीत चूक झाली म्हणून पडतो. विषाच्या तपासणीसाठी यकृत, मूत्रपिंड, जठर आणि त्यातला ऐवज वेगवेगळ्या बाटल्यांत, मिठाच्या संपृक्त द्रावणात. संपृक्त म्हणजे तळाशी मीठ न विरघळता उरलं पाहिजे. फॉर्मॅलिन इथे चालत नाही, ते विषाची तपासणी बिघडवतं. रोगाच्या तपासणीसाठी मात्र फॉर्मॅलिनच, १० टक्के, तुकड्याच्या दहापट, आणि तुकडा एक सेंटिमीटरहून जाड नको, नाहीतर मधला भाग सडतो. डीएनएसाठी मांसाचा तुकडा अल्कोहोलमध्ये. विषाणूसाठी नमुना नुसत्या बर्फावर. शिवाय जे मिठाचं पाणी वापरलं त्याची एक कोरी बाटली सोबत द्यावी लागते. ती नसेल तर ‘विष मिठातच होतं’ असं बचाव पक्षाचा वकील म्हणणारच. तुम्हीही म्हणाल.

बारावीनंतर या कामात यायचं तर? (विद्यार्थिनी, दादर)

नीट परीक्षा, मग बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. वन्यजीवांचं शिक्षण पदवीनंतर. पदवीची वर्षं गाई-म्हशी, कुत्री, कोंबड्यांतच जातात, आणि ते वाया जात नाही, हे वरची उत्तरं वाचून कळलं असेल.

जाळ्यात कासव आलं आणि हालचाल करत नसलं तर समुद्रात सोडावं की किनाऱ्यावर आणावं? (मच्छीमार, वेसावे)

लगेच पाण्यात सोडू नका. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. ट्रॉलच्या जाळ्यात फार वेळ खाली राहिलं तर बेशुद्ध होतं, मेल्यासारखं दिसतं, आणि तसंच सोडलं तर बुडून खरंच मरतं. पोटावर ठेवा, उताणं नाही. मागची बाजू वीतभर उंच करा, खाली दोरखंडाची गुंडाळी किंवा फळी द्या, म्हणजे फुप्फुसातलं पाणी निथळतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं गोणपाट टाका, नाकपुड्या मोकळ्या राहू द्या. तोंडात पाणी घालू नका, छाती दाबू नका. मधूनमधून डोळ्याच्या कडेला किंवा शेपटीला हलकेच बोट लावून बघा. शुद्धीवर यायला चार तासांपासून पूर्ण दिवसही लागू शकतो, तेव्हा दोन तासांत ‘मेलं’ म्हणू नका. हातपाय मारायला लागलं की इंजिन न्यूट्रलवर टाकून, जाळं नाही अशा बाजूने, डोकं पुढे करून अलगद पाण्यात.

पाठ फुटलेली असेल, पाय जाळ्याने कापलेला असेल किंवा ते एका अंगाला कलून तरंगत असेल, पण बुडी मारता येत नसेल, तर ते डॉक्टरांचं काम. किनाऱ्यावर आणा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. डहाणूला कासवांचं उपचार केंद्र आहे. घशातून बाहेर आलेला दोरा किंवा गळ ओढू नका, आतली आतडी चुण्या पडून फाटतात. दोरा वीतभर ठेवून कापा.

आणि कासव सोडवायला जाळं कापावं लागलं तर नुकसान तुमच्या माथी नाही. संरक्षित सागरी प्राण्याला सोडवताना फाटलेल्या जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात डिसेंबर २०१८ पासून आहे. त्यासाठी कासव जाळ्यात असतानाचा, जाळं कापतानाचा आणि कासव पाण्यात सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवा. घाईत लोक फक्त शेवटचा काढतात, आणि त्यात जाळं दिसतच नाही.